पुढचं माहीत नसलेल्यांच्या बाजूनं

बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्या मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे आणि त्यांच्यावर लिहीत आले आहे. ग्रंथपाल, प्रकाशक आणि वाचक या पुस्तकांना यंग अॅडल्ट, थोडक्यात वायए म्हणतात. एखाद्या मोठ्या माणसानं ही पुस्तकं मनापासून वाचावीत आणि वर त्यांची समीक्षाही करावी, याचं अनेकांना नवल वाटतं. त्या नवलामागची समजूत अशी असते, की ही मोठ्यांच्या कादंबरीची सोपी आवृत्ती आहे. पायरी चढून वर गेलं, की खाली बघायचं कारण उरत नाही. या कामात जितकी मुरत गेले, तितकी ही समजूत मला चुकीची वाटत गेली. चांगली वायए कादंबरी सोपी नसते. तिची अडचण वेगळ्या जातीची असते. गोष्ट सांगणाऱ्याला पुढचं माहीत नसतं, आणि मागे वळून पाहायला पुरेसं आयुष्य अजून त्याच्या गाठीशी नसतं. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर त्याला निर्णय घ्यावे लागतात आणि त्यांची किंमतही मोजावी लागते. लेखक स्वतः मोठा असूनही ही मर्यादा प्रामाणिकपणे पाळतो का, हे तपासणं म्हणजे या पुस्तकांची समीक्षा, असं माझं मत आहे. या पुस्तकांवर होणारी बहुतेक टीका, आणि बहुतेक कौतुकसुद्धा, हा मुद्दा हुकवतं.

हा फरक दोन प्रसिद्ध पुस्तकं शेजारी ठेवली की स्पष्ट दिसतो. हार्पर ली यांची १९६० सालची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ लहानग्या स्काउटची गोष्ट सांगते, पण सांगणारी स्काउट मोठी झालेली आहे. काय महत्त्वाचं ठरलं, कोण चांगलं निघालं, कशाचा काय परिणाम झाला, हे तिला ठाऊक आहे, आणि त्या जाणतेपणाचा उबदार उजेड सगळ्या कादंबरीवर पडलेला आहे. याउलट सुझन कॉलिन्स यांची २००८ सालची ‘द हंगर गेम्स’ प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळात लिहिलेली आहे. नायिका कॅटनिस सकाळी उठते, शेजारी हात फिरवते, तर धाकट्या बहिणीची जागा गार पडलेली. तिथून शेवटपर्यंत वाचकाला तेवढंच कळतं, जेवढं त्या क्षणी तिला कळतं. मी जगले म्हणून ही गोष्ट सांगते आहे, असा दिलासा भूतकाळी क्रियापद आपसूक देतं. वर्तमानकाळानं तोच काढून घेतला आहे. वायए कादंबऱ्यांत प्रथमपुरुष आणि वर्तमानकाळ वारंवार भेटतात, त्याला काही जण फॅशन म्हणतात. मला त्यात या साहित्याचा स्वभाव दिसतो. सोळाव्या वर्षी माणूस आपल्या आयुष्याकडे असाच पाहतो, कारण दुसऱ्या कुठल्या उंचीवर जाऊन पाहायची सोयच नसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो बाजाराचा. वायए हे पुस्तकांच्या दुकानातलं एक फडताळ आहे, विक्रीसाठी काढलेली तुकडी आहे. तिला साहित्याचा स्वभाव वगैरे कसला, असं म्हणतात. इतिहास वेगळं सांगतो. प्रकाशकांच्या आधी ही तुकडी ग्रंथपालांनी ओळखली. बाल्टिमोरच्या इनॉक प्रॅट वाचनालयात मार्गारेट एडवर्ड्स यांनी १९३०च्या दशकापासून किशोरांसाठी स्वतंत्र काम उभं केलं आणि घोडागाडीत पुस्तकं भरून ती वस्त्यांपर्यंत नेली. मुलांना पुस्तक सुचवायचं तर ते आधी आपण वाचलेलं हवं, हा त्यांचा कटाक्ष होता, आणि हाताखालच्या कर्मचाऱ्यांकडून त्या तसं वाचन करून घेत. अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं या वयोगटासाठी वेगळा विभाग १९५७ साली केला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ आली. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातल्या या मुलीनं ती शाळेत असताना लिहायला घेतली होती, आणि पुस्तक आलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मुलांच्या टोळ्यांची गोष्ट एका मुलीनं लिहिली आहे हे कळलं, तर पुरुष समीक्षक ती मनावर घेणार नाहीत, या धास्तीनं प्रकाशकानं नावाऐवजी आद्याक्षरं छापायचं सुचवलं. पुढे कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोजवळच्या एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी आणि विद्यार्थ्यांनी दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना सह्यांचं पत्र पाठवलं, की या पुस्तकावर चित्रपट काढा. त्यांनी तो १९८३ मध्ये काढला. बाजार या साऱ्यानंतर आला. हौशी वाचकाचं मत या साहित्याला पहिल्यापासून घडवत आलं आहे, म्हणूनच ते मत कसं बनतं याची चिकित्सा गरजेची आहे.

माझी स्वतःची रीत साधी आहे. पहिल्या वाचनात मी पेन्सिल हातात घेत नाही. पुस्तक ज्या वेगानं ओढून नेईल त्या वेगानं जाते. दुसऱ्या वाचनात समासात एकच प्रश्न लिहीत जाते : हे आत्ता कुणाला माहीत आहे? या प्रश्नापुढे खोट लगेच उघडी पडते. मुलीच्या मनातल्या विचारात मध्येच तिच्या आईच्या वयाचं वाक्य येतं. ऐन वेळी आजी, शिक्षिका किंवा समजूतदार शेजारीण दारात उभी राहते आणि लेखकाला जे सांगायचं आहे ते सांगून जाते. किंवा नायक असा निर्णय घेतो, की तो बरोबर ठरणार हे लेखकाला आधीच माहीत असल्याचं त्याच्या सहजतेवरून कळतं. उलट, पुस्तक खरं असेल तर निर्णयाच्या पानावर वाचकालाही दरदरून घाम फुटतो, कारण दोन्ही वाटा तितक्याच पटण्याजोग्या असतात. भाषा, कथानक, पात्रं यांचा विचार मी करतेच, पण तो या प्रश्नाच्या उजेडात. पाचपैकी किती तारे, या हिशेबानं काहीच हाती लागत नाही, कारण त्यात पुस्तक कोणासाठी कसं आहे हे सांगायला जागाच नसते.

लॉरी हाल्स अँडरसन यांची १९९९ सालची ‘स्पीक’ या रीतीनं वाचण्याजोगी आहे. मेलिंडा नववीत हायस्कूलमध्ये येते, तेव्हा शाळेतलं जवळजवळ कुणीच तिच्याशी बोलत नाही, कारण सुट्टीतल्या एका पार्टीत तिनं पोलिसांना फोन केला होता. फोन का केला, हे ती कुणाला सांगत नाही, वाचकालाही नाही. ती शाळेत सफाई कामगाराची एक बिनवापराची खोली शोधून काढते आणि तिथे लपते. चित्रकलेचे शिक्षक तिला वर्षभरासाठी एकच विषय देतात, झाड, आणि ते झाड तिला काही केल्या जमत नाही. पुस्तकाचे भाग शाळेच्या चार परीक्षासत्रांप्रमाणे पाडलेले आहेत आणि सत्राच्या शेवटी तिचं प्रगतिपुस्तक छापलेलं आहे. त्यातल्या घसरत्या श्रेणींत मोठ्यांना आळशीपणा दिसतो. वाचकाला हळूहळू दुसरं काही दिसू लागतं. तिच्यावर बलात्कार झाला आहे हे पुस्तक फार उशिरा उच्चारतं, कारण तिलाच ते स्वतःशी उच्चारायला तेवढा वेळ लागतो. मागे वळून पाहणाऱ्या प्रौढ मेलिंडानं ही गोष्ट सांगितली असती, तर पहिल्याच पानावर त्या घटनेला नाव मिळालं असतं आणि गप्प राहणं म्हणजे काय हे वाचकाला कधीच उमगलं नसतं. इथे अज्ञान हाच कादंबरीचा घाट आहे.

समीक्षकापुढे मात्र इथे खरा पेच उभा राहतो. गुपित फोडलं तर कादंबरीचा घाटच मोडतो. न फोडलं, तर स्वतः असं काही सोसलेली एखादी मुलगी बेसावधपणे त्या पानावर पोचते. विषयाची पूर्वसूचना द्यावी की नाही, यावर या वर्तुळात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. मी सूचनेच्या बाजूची आहे. लैंगिक हिंसा, आत्महत्या, स्वतःला इजा करून घेणं, असं काही पुस्तकात असेल, तर मी ते लेखाच्या शेवटी वेगळ्या ओळीत लिहिते, म्हणजे ज्याला हवं त्यानं वाचावं, नको त्यानं सोडावं. घाटाचं थोडं नुकसान होतं, हे मला मान्य आहे. पण समीक्षा पुस्तकाइतकीच वाचकाशी बांधलेली असते, आणि हा वाचक पंधरा वर्षांचा असू शकतो. पुस्तक उघडायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवावं, आणि ठरवता यावं एवढी माहिती त्याच्या हाती असावी.

आता मोठा आक्षेप. २०१४ साली ‘स्लेट’ या ऑनलाइन नियतकालिकात रूथ ग्रॅहम यांनी लिहिलं, की मुलांसाठी लिहिलेली पुस्तकं वाचताना प्रौढांना संकोच वाटायला हवा. त्यांच्या लेखाला पार्श्वभूमी होती. बोकर या संस्थेच्या २०१२च्या पाहणीत, वायए पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून अधिक वयाचे निघाले होते, आणि त्यांतले बहुतेक जण ती स्वतःसाठीच घेत होते. ग्रॅहम यांचा युक्तिवाद वरवरचा नव्हता. ही पुस्तकं किशोराची दृष्टी जशीच्या तशी मांडतात, तिच्याकडे चिकित्सकपणे पाहत नाहीत, आणि शेवट समाधानकारक करून टाकतात. प्रौढ वाचकाला इथे आपलं जाणतेपण बाजूला ठेवावं लागतं, असा त्यांचा रोख होता. त्यांनी बोट अगदी नेमक्या जागी ठेवलं आहे. मी ज्याला या साहित्याचा स्वभाव म्हणते, त्यालाच त्या उणीव म्हणतात. पण जाणतेपण बाजूला ठेवणं आणि ते गमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपलं ज्ञान थोडा वेळ स्थगित करून, ज्याला ते नाही त्याच्या जागी उभं राहणं ही श्रमाची गोष्ट आहे. घरात, वर्गात किंवा कचेरीत तरुण माणसाशी वागताना मोठ्यांना हीच गोष्ट जमत नाही. ‘पुढे कळेल तुला’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या बाजूनं खरं असतं, पण ऐकणाऱ्याला त्याचा काहीही उपयोग नसतो. कादंबरी हे वाक्य न बोलता तीनशे पानं त्याच्याबरोबर चालू शकत असेल, तर ती वाचायला संकोच कशाला हवा?

समाधानकारक शेवटांचं म्हणाल, तर ‘द आउटसायडर्स’नंतर सातच वर्षांनी रॉबर्ट कॉर्मिए यांची ‘द चॉकलेट वॉर’ आली. शाळेच्या निधीसाठी चॉकलेटं विकायला एक मुलगा नकार देतो. एरवी अशा गोष्टीत त्याचा नकार इतरांना धीर देतो आणि अन्याय हरतो. इथे तो मार खाऊन पडतो आणि मित्राला सांगू पाहतो, की त्यांच्या विरोधात जाऊ नकोस. शेवट बदला, असं प्रकाशकांनी सुचवलं, पण कॉर्मिए यांनी तो बदलला नाही. गंमत अशी, की ग्रॅहम यांच्या तीन वर्षं आधी, २०११ मध्ये, ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये मेगन कॉक्स गर्डन यांनी नेमकी उलट तक्रार केली होती : ही पुस्तकं फार काळोखी आहेत, हिंसा आणि आत्मपीडेनं भरलेली आहेत. एकीला ही पुस्तकं फार गोड वाटतात, दुसरीला फार कडू. दोघींना उदाहरणं मिळतात, कारण वायएमध्ये दोन्ही प्रकारची पुस्तकं भरपूर आहेत आणि टाकाऊ पुस्तकंही पुष्कळ आहेत. गोडी किंवा काळोख यावरून पुस्तक जोखताच येत नाही. तो काळोख पात्राच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे की वाचकाला हादरवण्यासाठी लेखकानं बाहेरून आणलेला आहे, हे पाहावं लागतं.

ही कसोटी फक्त कौतुकाची वाट सोपी करते, असं कुणाला वाटेल. तसं नाही. जे अॅशर यांची २००७ सालची ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ प्रचंड खपली आणि तिच्यावर पुढे मालिकाही आली. आत्महत्येपूर्वी नायिका हॅनानं कॅसेटी रेकॉर्ड करून ठेवल्या आहेत. त्यांच्या एकेका बाजूला एकेका कारणाची गोष्ट आहे, आणि ज्यांच्यामुळे ती इथवर आली त्यांनी त्या आळीपाळीनं ऐकायच्या आहेत. रचना चतुर आहे, वाचक पान सोडत नाही. पण ‘हे कुणाला माहीत आहे’ हा प्रश्न विचारला, की पाया हलतो. गेलेल्या मुलीचा आवाज शेवटपर्यंत शाबूत राहतो. तिनं ठरवलेल्या क्रमानं जग ऐकतं, पस्तावतं. जणू मृत्यूनंतर आपल्या आयुष्याकडे मागे वळून पाहण्याची आणि परिणाम घडताना बघण्याची सोय तिला मिळाली आहे. खऱ्या मृत्यूत ही सोय नसते. या पुस्तकावर विषयाच्या धाडसासाठी हल्ला करू नये, असं मी मानते. शाळेतल्या छळाचं त्यातलं चित्रण खरं आहे. दोष रचनेत आहे, आणि तो नैतिक दोषही आहे, कारण ज्या वाचकाला सगळ्यात जास्त सत्य हवं, त्यालाच इथे सगळ्यात मोठी भूल पडते.

हौशी समीक्षकांवरचा आणखी एक आक्षेप त्यांच्या स्वातंत्र्याबद्दलचा आहे. प्रकाशक प्रकाशनापूर्वी कच्च्या प्रती पाठवतात, फुकट पुस्तक घेणाऱ्याची लेखणी मऊ होते, मग समीक्षा आणि जाहिरात यांत फरक काय? भीती रास्त आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं सुधारली, आणि फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल लिहिताना ती फुकट मिळाली हे सांगणं अपेक्षित धरलं. मी ते नेहमी पहिल्या ओळीत लिहिते, आणि ज्यांच्या पुस्तकांवर लिहायचं त्यांच्याकडून दुसरं काही घेत नाही. पण हौशी वाचकाची ताकद काय असते, तेही त्याच वर्षी दिसलं. जस्टिन लार्बलेस्टिए यांच्या ‘लायर’ची नायिका कृष्णवर्णी, आखूड कुरळ्या केसांची आहे. अमेरिकन आवृत्तीच्या मुखपृष्ठावर मात्र लांब सरळ केसांची गोरी मुलगी होती. कच्ची प्रत वाचलेल्या वाचकांनी मुखपृष्ठ आणि मजकूर समोरासमोर ठेवले, स्वतः लेखिकेनंही नापसंती जाहीर केली, आणि पुस्तक बाजारात येण्यापूर्वी मुखपृष्ठ बदललं गेलं. तक्रार क्षुल्लक नव्हती. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालपुस्तकांच्या केंद्राच्या आकड्यांच्या आधारे लेखक वॉल्टर डीन मायर्स यांनी २०१४ मध्ये लिहिलं, की आदल्या वर्षीच्या ३,२०० बालकुमार पुस्तकांपैकी फक्त ९३ कृष्णवर्णीयांबद्दल होती.

याच ताकदीची दुसरी बाजूही आहे. २०१९च्या जानेवारीत अमेली वेन झाओ यांच्या ‘ब्लड एअर’वर गुलामगिरीचं चित्रण असंवेदनशील असल्याचा आरोप झाला आणि लेखिकेनं प्रकाशन स्वतःहून थांबवलं. पुस्तक अजून यायचं होतं. म्हणजे रोष व्यक्त करणाऱ्या बहुतेकांनी ते वाचलेलं असणं शक्यच नव्हतं. दुरुस्त्यांनंतर ते त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलं. ‘लायर’च्या वेळी पुरावा हातात होता, इथे ऐकीव गोष्ट पुढे सरकत गेली. हौशी समीक्षा बंद करा, असा याचा अर्थ मी काढत नाही. वाचल्याशिवाय बोलू नये, पान दाखवल्याशिवाय आरोप करू नये, ही शिस्त बिनपगारी समीक्षकालाही लागू आहे. किंबहुना त्यालाच जास्त, कारण त्याच्यावर संपादक नसतो.

मराठीत या साऱ्याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ मध्ये आली, ती मोठ्यांची कादंबरी म्हणून. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी तिथे स्वतःच्या बोलीत बोलतो, आणि मोठं होऊन मागे वळून पाहणारा जोशी मध्ये येऊन काही समजावत नाही. मोठे वाचक तिच्यात आपलं गेलेलं वय शोधतात. नववीतल्या वाचकाला तिथे आजचा पेच भेटतो, आणि त्याचं वाचन मला अधिक खरं वाटतं. प्रकाश नारायण संतांचा लंपनही असाच स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या वेडेपणासकट बोलतो. म्हणजे हे लेखन आपल्याकडे परकं नाही. १९७१ पासून ‘किशोर’ मासिक चालू आहे, बालकुमारांसाठी दिवाळी अंक निघतात. उणीव समीक्षेची आहे. कुमारांच्या पुस्तकाचा परिचय आपल्याकडे बहुधा पालकांना आणि शिक्षकांना उद्देशून येतो : संस्कार काय होतील, ज्ञान काय मिळेल, मुलाला अवश्य द्यावं. ज्यानं वाचायचं आहे तो त्या परिचयात कुठेच नसतो. मुलं सरळ इंग्रजीच वाचतात, असं त्यावर उत्तर मिळतं. काही वाचतातही, पण आपल्या गावची, आपल्या शाळेतली, आपल्या जातीपातीच्या आणि परीक्षांच्या जगातली निवड त्यांना तिथे सापडणार नाही, आणि मराठीत ती लिहिणाऱ्याला दाद किंवा धपाटा देणारं कुणी नसेल, तर लेखक तरी कुणाच्या भरवशावर लिहील?

म्हणून माझं मागणं सरळ आहे. पुरवण्यांत आणि दिवाळी अंकांत कुमार पुस्तकांवर लिहिताना चौदा वर्षांचा वाचक समोर धरावा, त्याला पटेल किंवा त्याला खोडून काढता येईल असं मत द्यावं, आणि त्याचं मतही त्याच पानावर छापावं. मोठ्या समीक्षकानं तिथे आपली विद्वत्ता जरूर वापरावी, पण ती या कामाला लावावी : ज्याला पुढचं माहीत नाही त्याच्याशी हे पुस्तक खरं वागलं का? फसवणारं पुस्तक ओळखायची सवय या वयात लागली, तर ती पुस्तकांपुरती राहत नाही. शिकवणीच्या जाहिरातीपासून पुढाऱ्याच्या भाषणापर्यंत, जिथे जिथे कुणी आपल्या वतीनं आपलं भविष्य सांगू लागेल, तिथे तो वाचक तोच प्रश्न विचारेल : हे तुम्हाला कसं माहीत?